जुन्या घरांचे फोटो काढायला खुल्या संग्रहालयात जाताय, तर आधी पाटी

जुनी घरं, गिरण्या, चर्चं मूळ गावातून उचलून एका आवारात परत उभी केलेली असतात आणि जुन्या पोशाखातली माणसं तिथे चूल पेटवत, लोहारकाम करत असतात, तसल्या संग्रहालयात गेल्या वर्षी मी अख्खा दिवस काढला. चारशेच्या वर फोटो. घरी येऊन उघडून बसले तर ओंडक्यांची सहा घरं, सहाही जवळपास सारखी, आणि कुठलं घर कुठलं याचा काही पत्ता लागेना. पाट्यांचे फोटोच काढले नव्हते. नकाशा बघून चार जुळवली, दोन अजून बेवारस पडलीत. आता परत जातेय म्हणून ही यादी लिहून ठेवतेय, कुणाच्या उपयोगी पडली तर घ्या.

बॅटरी, कार्ड, पाणी, चांगले बूट, हे सांगायला नको. बॅटऱ्या मात्र दोन. आणि कॅमेऱ्याचं घड्याळ आदल्या रात्री फोनशी जुळवून ठेवा, नंतर क्रम लावायचा तर तेच कामाला येतं.

नकाशा वेबसाईटवर आधीच मिळत असेल तर घरांची तोंडं कुठल्या दिशेला आहेत ते बघून घ्या. उत्तर गोलार्धात उत्तरेकडे तोंड असलेलं घर जवळपास सगळा दिवस सावलीतच असतं, त्याच्यासाठी ऊन येईल म्हणून थांबण्यात काही अर्थ नाही. ही संग्रहालयं बहुतेक सकाळी उशिरा उघडतात आणि संध्याकाळी लवकर बंद होतात, म्हणजे पहाटेचा सोनेरी प्रकाश वगैरे विसरा. गेट उघडताच सगळ्यात लांबच्या घरापासून सुरुवात करा आणि उलटं फिरत या, शाळेच्या सहली गेटपासून पुढे सरकतात, तोवर तुमची लांबची घरं रिकाम्या अंगणासकट होऊन जातात. ढगाळ दिवस असला तर नाराज होऊ नका, लाकडाचा पोत ढगाळ उजेडातच नीट येतो, फक्त पांढरं आभाळ फ्रेममध्ये कमी घ्या.

आणि पाटी. प्रत्येक घरापाशी पोचलात की पहिला फोटो पाटीचा, मग घराचा. कायम याच क्रमाने. एकदा आधी, एकदा नंतर असं केलंत तर रात्री कळत नाही की ही पाटी मागच्या घराची की पुढच्या. काढल्यावर झूम करून अक्षरं वाचता येतायत का बघा, चकाकत असेल तर जरा तिरकं उभं राहून परत काढा. पाटी नसेल तर नकाशावरच्या त्या नंबरावर बोट ठेवून फोटो घ्या.

एवढं डोकं खायचं कारण सांगते. अशा ठिकाणी घराची अर्धी गोष्ट पाटीवरच असते, मूळ गाव कुठलं, बांधलं कधी, हलवलं कधी, आणि मुख्य म्हणजे मूळचं किती आणि नवं किती. स्टॉकहोमचं स्कानसेन १८९१ मध्ये सुरू झालं, तिथे स्वीडनभरातून आणलेल्या दीडशेच्या आसपास इमारती आहेत, पाटीशिवाय काय लक्षात राहणार? नॉर्वेत ऑस्लोच्या संग्रहालयातलं, गोल नावाच्या गावातून आणलेलं लाकडी चर्च मध्ययुगातलं खरं, पण ते १८८० च्या दशकात हलवलं तेव्हा बाहेरून बरंचसं बोरगुंड गावच्या तसल्याच जुन्या चर्चवरून नव्याने बांधलं. अमेरिकेतल्या विल्यम्सबर्गचा गव्हर्नर्स पॅलेस १७८१ मध्ये जळाला, आज दिसतो तो १९३० च्या दशकात उभा केलेला. फोटोखाली नुसतं 'अठराव्या शतकातला वाडा' लिहिलं की चुकलंच की!

लेन्सचं म्हणाल तर एक वाइड, म्हणजे जास्त रुंद दृश्य घेणारी, आणि एक ५० मिमीच्या आसपासची पुरे. उंच घर मावत नाही म्हणून कॅमेरा वर वाकवला की भिंती आत झुकतात, त्यापेक्षा मागे जा, कॅमेरा सरळ धरा, खालची जमीन नंतर कापता येते. पोलरायझरने, म्हणजे लेन्सवर लावायच्या फिल्टरने, पानांची आणि ओल्या छपराची चमक जाते, पण वाइडवर आभाळ एका बाजूला गडद आणि दुसऱ्या बाजूला फिकं येतं, तेव्हा काढून ठेवा. जवळून घ्यायचं ते घ्याच. कोपऱ्यातले सांधे, बिजागऱ्या, तुळईवरच्या वाकसाच्या खुणा. कुठे कुठे लाकडात सुताराने कोरलेले आकडे दिसतात, कुठला वासा कुठे बसवायचा त्याचे. मला एका दारावर सापडले होते, तीन रेघा आणि शेजारी एक फुली, बोट फिरवलं तर अजून धार लागते. कुठल्या घराचं दार, ते आता सांगता येत नाही. म्हणून पाटी!

आतमध्ये खिडकी भगभगीत आणि बाकी काळोख. फ्लॅश नाही. ट्रायपॉड चालतो का ते आधी विचारून ठेवा, बऱ्याच ठिकाणी नाही चालत. नसेल तर कोपरं छातीशी घट्ट, शटर स्पीड १/१५ सेकंदापर्यंत खाली न्या, एका दमात चार-पाच फोटो काढा, एक तरी स्थिर निघतो. जुन्या फर्निचरला टेकू नका, कृपा करून. रॉमध्येच, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्येच काढा, चुलीचा पिवळा आणि खिडकीचा निळा उजेड एकत्र येतो तो नंतर सावरता येतो. पिठाच्या गिरणीत लेन्स बदलू नका. क्लिक करायच्या आधी कडा बघा, अग्निशामक नळकांडं, कचऱ्याचा डबा, विजेची वायर काहीतरी घुसलेलं असतंच.

पोशाखातल्या माणसांना विचारून फोटो काढा, फोटो विकायचे असतील तर परवानगी वेगळी लागते. निघताना पाट्या मोजा, घरं मोजा, जुळत नसेल तर परत फिरा.

घरी आल्यावर दोन ठिकाणी कॉपी, आणि त्याच रात्री पाट्या वाचून फोल्डरना नावं. झोप आली तरी.