मालागाला राहायला जाताना: व्हिसा, नाव आणि हिवाळ्यातले घर

स्पेनच्या दक्षिण किनाऱ्यावरील मालागा शहरात मे महिन्यात आठ दिवस काढून आलेला माणूस तिथे कायमचे राहायला जाण्याचे बेत आखू लागला, तर त्यात नवल नाही. तो बेत टिकला, तर घरांच्या जाहिराती पाहण्याआधी कोणत्या व्हिसावर जायचे हे ठरवावे. भारतीय पासपोर्टधारकाला त्यासाठी मुख्यतः दोन वाटा आहेत. निवृत्तिवेतन, व्याज किंवा भाडे यांवर जगणाऱ्यांसाठी नोकरीस मनाई असलेला निवास व्हिसा असतो. त्यासाठी सध्याच्या हिशेबाने अर्जदाराला महिना २,४०० युरो आणि सोबतच्या प्रत्येक व्यक्तीमागे ६०० युरो इतके उत्पन्न किंवा तेवढी बचत दाखवावी लागते. स्पेनबाहेरील कंपनीचे काम संगणकावरून करणाऱ्यांसाठी डिसेंबर २०२२ च्या कायद्याने वेगळा व्हिसा आला असून त्याची उत्पन्नमर्यादा स्पेनच्या किमान वेतनाच्या दुप्पट आहे. किमान वेतन वाढले की ही मर्यादाही वाढते, म्हणून अर्जाच्या महिन्यातला आकडा पाहावा. घर विकत घेऊन निवासाचा हक्क मिळवण्याची सोय एप्रिल २०२५ मध्ये बंद झाली आहे. एखादा दलाल ती अजून दाखवत असेल, तर त्याच्याशी बोलणे तिथेच थांबवावे.

कागदपत्रांत मराठी माणसाला सर्वांत जास्त त्रास होतो तो नावाचा. स्पॅनिश माणसाला दोन आडनावे असतात, पहिले साधारणतः वडिलांचे आणि दुसरे आईचे, आणि लग्नानंतर तिथल्या स्त्रिया नाव बदलत नाहीत. आपल्याकडे मध्ये वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव येते, आणि ते आडनावाच्या रकान्यात गेले की दवाखान्यात ‘सेन्योर वसंत’ अशी हाक ऐकू येते. ऐकायला गंमत वाटते. परंतु एका कागदावर मधले नाव आहे, दुसऱ्यावर नाही, आणि पत्नीच्या जन्मदाखल्यावर माहेरचे नाव तर विवाह प्रमाणपत्रावर सासरचे, अशी स्थिती असेल तर अर्ज अडू शकतो. म्हणून पासपोर्टवरचे नाव प्रमाण मानून जन्मदाखला, विवाह प्रमाणपत्र आणि पदव्या आधी तपासाव्यात, आणि तफावत असेल तर प्रतिज्ञापत्र किंवा दुरुस्ती भारतात असतानाच करून घ्यावी. त्यानंतरच या कागदांवर आणि पोलिसांच्या वर्तणूक दाखल्यावर परराष्ट्र मंत्रालयाचे अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य ठरवणारे प्रमाणीकरण, घ्यावे आणि स्पेनमध्ये मान्यता असलेल्या शपथबद्ध अनुवादकाकडून त्यांचे स्पॅनिश भाषांतर करून घ्यावे. भाषांतर आधी केले, तर अपोस्टिलचे भाषांतर राहून जाते आणि पुन्हा पैसे मोजावे लागतात.

घराच्या बाबतीत माझे मत ठाम आहे: भारतात बसून वर्षभराचा करार करू नये. पहिल्या महिन्यासाठी तात्पुरती जागा घ्यावी आणि नेहमीचे घर डोळ्यांनी पाहून ठरवावे. न पाहिलेल्या घराची अनामत कोणी आधी मागितली, तर ती पाठवू नये. करार ‘विविएन्दा’, म्हणजे नेहमीच्या राहण्याचा आहे की ‘तेम्पोरादा’, म्हणजे हंगामी आहे, हे आवर्जून वाचावे. पहिल्या प्रकारात मालक खासगी व्यक्ती असेल, तर भाडेकरूला साधारणपणे पाच वर्षांपर्यंत राहण्याचे कायद्याचे संरक्षण मिळते. दुसऱ्यात ते मिळत नाही, आणि उन्हाळा आला की पर्यटकांसाठी घर रिकामे करण्याची पाळी येऊ शकते. नेहमीच्या घराची कायदेशीर अनामत एक महिन्याच्या भाड्याएवढी असून मालक फार तर आणखी दोन महिन्यांची हमी मागू शकतो.

घर पाहताना हिवाळ्याचा विचार करावा. तिथे पाऊस कोकणाच्या उलट, थंडीत पडतो. जानेवारीत रात्रीचे तापमान सात-आठ अंशांवर येते, आणि हा आकडा पुण्याच्या माणसाला किरकोळ वाटला, तरी फरशीच्या जमिनीचे, भिंतींना ओल धरणारे, तापवण्याची सोय नसलेले घर त्या काळात बाहेरच्यापेक्षा थंड वाटते. म्हणून दक्षिणेकडे खिडक्या असलेले, तळमजल्यावर नसलेले आणि थंड-गरम दोन्ही हवा देणारे यंत्र असलेले घर घ्यावे. कपाटांच्या मागे बुरशीचे डाग आहेत का, हेही बिनदिक्कत पाहावे.

करार हातात आला की नगरपालिकेत ‘पाद्रोन’ या रहिवासी नोंदवहीत नाव घालावे, कारण पुढची बरीच कामे त्या दाखल्यावर चालतात. नोंदणीला हरकत घेणाऱ्या मालकाचे घर टाळावे. सहा महिन्यांहून अधिक मुदतीच्या व्हिसावर आलेल्याने देशात शिरल्यापासून महिन्याभरात परदेशी नागरिकांच्या ओळखपत्रासाठी पोलिसांकडे अर्ज करायचा असतो. बोटांचे ठसे देण्याची वेळ ऑनलाइन मिळवावी लागते आणि ती सहज मिळत नाही, म्हणून पोहोचल्या दिवसापासून प्रयत्न सुरू करावा.

कॅलेंडर वर्षात १८३ दिवसांहून अधिक राहिल्यास स्पेन तुम्हाला करदृष्ट्या रहिवासी मानतो आणि भारतातील व्याज व घरभाडेही तिथे दाखवावे लागते. परदेशातील खाती, गुंतवणूक किंवा स्थावर यांपैकी एखाद्या गटाचे मूल्य ५०,००० युरोंच्या वर असेल, तर त्याचे वेगळे विवरणपत्र आहे. दोन्ही देशांत दुहेरी करआकारणी टाळण्याचा करार आहे, तरी निघण्यापूर्वी सनदी लेखापालाशी एकदा बसावे, आणि भारतातील बचत खाते एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांसाठीचे, करून घ्यावे.

भारतीय वाहन परवाना रहिवासी झाल्यावर सहा महिनेच चालतो. नंतर तिथली परीक्षा द्यावी लागते. शहरात राहिल्यास मोटारीची निकड भासत नाही, कारण तिथून विमानतळ आणि किनाऱ्यावरचे तोरेमोलिनोस या मार्गे फुएन्खिरोला गावापर्यंत लोकल धावते. सामान बांधताना मात्र एक लक्षात ठेवावे: अनेक घरांत इंडक्शनची शेगडी असते आणि तिच्यावर ॲल्युमिनियमचा कुकर तापत नाही, म्हणून स्टीलचा, इंडक्शनवर चालणारा कुकर न्यावा आणि त्याची जादा रिंग व शिटी बरोबर ठेवावी.