जुनं स्लॅब सॉ घेतलंत? नवं ब्लेड एवढ्यात लावू नका

दगड कापायचं जुनं मशीन घरी आलं की आधी स्विच दाबून बघावंसं वाटतं आणि मग नवंकोरं डायमंड ब्लेड चढवावंसं वाटतं. दोन्ही आवरा. मी दुसरं आवरलं नव्हतं, तर दुसऱ्याच स्लॅबला (म्हणजे कापलेल्या चपट्या तुकड्याला) ब्लेड वाकून त्याची अक्षरशः बशी झाली, आणि दोष ब्लेडचा नव्हताच, कॅरेज, म्हणजे दगड धरून ब्लेडकडे नेणारी सरकती गाडी, तिरकी सरकत होती.

सुरुवात टाकीपासून. तळाला जुनं तेल आणि दगडाची पूड मिळून गाळ बसलेला असतो, कधीकधी पार दगडासारखा. वाळलेला असेल तर आधी ओला करा मग खरवडा, कारण अगेट काय जॅस्पर काय, सगळी सिलिका, आणि ती धूळ फुफ्फुसात गेली की सिलिकोसिस हा फुफ्फुसाचा आजार. झाडू आणि ब्लोअर अजिबात नको. गाळ डब्यात भरा, मोरीत ओतलात तर पाइप तुंबलाच म्हणून समजा.

मोटरकडे जाताना प्लग काढलेला हवा. वायर तडकलेली असेल तर बदला, आर्थिंग बॉडीपर्यंत पोचतंय का ते मल्टीमीटरने बघा. मोटर नुसती गुणगुणते पण उचलत नाही, असं असेल तर बहुतेक वेळा स्टार्टचा कपॅसिटर गेलेला असतो नाहीतर आतला सेंट्रिफ्युगल स्विच (मोटरने वेग घेतला की स्टार्टची जोडणी तोडणारा) चिकटलेला, लगेच रिवाइंडिंगला टाकू नका. कपॅसिटरला हात लावायच्या आधी तो डिस्चार्ज करा, प्लग काढला तरी तो झटका देऊ शकतो.

बेल्ट उतरवून शाफ्ट, म्हणजे ब्लेड बसतं तो दांडा, हाताने फिरवा. खरखर लागली किंवा वर-खाली हलला तर बेअरिंग बदला, नंबर बेअरिंगवरच कोरलेला असतो. फ्लँज, म्हणजे ब्लेडला दोन्ही बाजूंनी दाबून धरणाऱ्या चकत्या, पुसून घ्या, त्यावर गंजाचा एक कण राहिला तरी ब्लेड डुलतं.

आता खरं काम, इथे अख्खी संध्याकाळ गेली तरी चालेल. जुनंच ब्लेड लावा. कॅरेजवरच्या व्हाइसमध्ये (दगड पकडायच्या शिकंज्यात) एक लाकडी पट्टी पकडा, तिला खिळा असा ठोका की टोक ब्लेडच्या सपाट बाजूला, पुढच्या कडेजवळ, जेमतेम टेकेल. जिथे टेकतंय तिथे ब्लेडवर मार्करने खूण करा. मग खिळा ब्लेडच्या मागच्या कडेजवळ येईल इतकी कॅरेज मागे न्या आणि ब्लेड हाताने फिरवून तीच खूण खिळ्यासमोर आणा. तीच खूण का, तर ब्लेड मुळात थोडं वाकडं असलं तरी त्याचा हिशोबात घोळ होत नाही. मागे फट पडली किंवा खिळा दाबला गेला तर कॅरेज समांतर नाही. रेलचे किंवा शाफ्टच्या ब्लॉकचे बोल्ट सैल करून, गरज पडली तर कोल्ड्रिंकच्या कॅनचा पत्रा शिम (फट भरायची पातळ पट्टी) म्हणून घालून, परत मोजा. बोल्ट आवळताना सगळं पुन्हा सरकतं, चिडचिड होते, पण याला शॉर्टकट नाही. कॅरेज मुळातच डुगडुगत असेल तर आधी तिचे बुश (रेलवर सरकणाऱ्या नळ्या) बघा, नाहीतर हे सगळं मोजणं फुकट.

स्पीडचं गणित सोपं आहे: 1440 आरपीएमची मोटर, तिच्यावर 2 इंची पुली आणि शाफ्टवर 4 इंची, म्हणजे ब्लेड 720 ने फिरणार. ब्लेडवर छापलेल्या लिमिटच्या वर जायचं नाही.

कूलंट म्हणून मिनरल ऑइल, ब्लेडची कड साधारण अर्धा इंच बुडेल इतकं. रॉकेल, डिझेल नको, वाफ पेटते. झाकण लावूनच चालवा, तेलाचा फवारा उडतो.

पहिला काप जुन्या विटेचा घ्या, विटेने ब्लेडची कड घासली जाऊन नवे हिरे उघडे पडतात. मग साधा दगड, लाकडी पाचरी मारून असा घट्ट पकडा की हलता कामा नये, कापताना दगड फिरला तर ब्लेड गेलं. फीड, म्हणजे दगड ब्लेडकडे सरकायचा वेग, हळू ठेवा, आवाज एकसारखा हवा, घरघर वाढली की थांबवा. स्लॅब निघाला की चारी कडांची जाडी मोजा. सगळीकडे सारखी भरली की मग काढा ते नवं ब्लेड खोक्यातून.