पेटी भरण्याआधी : थेट हापूस विकणाऱ्यांच्या संकेतस्थळाची तयारी

देवगड-रत्नागिरीकडचे जे बागायतदार स्वतःच्या नावाची पेटी थेट गिऱ्हाइकाला विकतात, त्यांनी संकेतस्थळाची डागडुजी मोहराच्या दिवसांतच उरकून घ्यावी, कारण एकदा आढ्या (पिकवण्यासाठी गवतात रचलेले आंबे) लागल्या की या कामाकडे बघायला घरात कोणालाच सवड नसते.

सर्वांत आधी डोमेन, म्हणजे संकेतस्थळाचा पत्ता, कोणाच्या नावावर आहे ते पाहावे. आमचे डोमेन ज्या मुलाने संकेतस्थळ बनवून दिले त्याच्याच ईमेलवर नोंदलेले होते. ऐन एप्रिलमध्ये मुदत संपली, सूचना त्याच्या जुन्या पत्त्यावर जात राहिल्या, आणि आम्हाला ते कळले पुण्याच्या एका नेहमीच्या गिऱ्हाइकाने ‘तुमचं पान उघडत नाहीये’ असा फोन केल्यावर. नोंदणी स्वतःच्या नावावर करून घ्यावी आणि नूतनीकरणाची तारीख मे महिन्याच्या पुढे ढकलावी.

पुठ्ठ्याच्या पेट्या छापायला टाकण्यापूर्वी त्यांवरचा क्यूआर कोड कुठे नेतो हे तपासावे. तो आपल्याच डोमेनवरच्या पानाकडे जावा, इन्स्टाग्रामकडे नव्हे. जून 2020 मध्ये भारतात टिकटॉकवर बंदी आली तेव्हा तिथे जमवलेले प्रेक्षक रातोरात गेले. व्यवसायाच्या नोंदीबरोबर गूगल जी फुकट संकेतस्थळे देत असे, तीही मार्च 2024 मध्ये बंद झाली. छापलेली पेटी मात्र बदलता येत नाही. जुन्या पानांचे पत्ते बदलणार असाल तर प्रत्येक जुना पत्ता नव्याकडे वळवून द्यावा, कारण गेल्या वर्षीची पेटी अजून कोणाच्या तरी माळ्यावर असते.

मजकुराकडे सर्वांत जास्त वेळ द्यावा. पंधरा-वीस वर्षांपूर्वीची काही मराठी पाने शिवाजीसारख्या जुन्या फाँटमध्ये टंकलेली आहेत. ती डोळ्यांना मराठी दिसतात, पण संगणकाच्या लेखी तिथे रोमन अक्षरांची खिचडी असते, त्यामुळे ‘देवगड हापूस’ असे शोधणाऱ्याला ती सापडत नाहीत. असा मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकालाही मराठी म्हणूनच वाचता येईल अशा अक्षरांत, आणावा. दरपत्रकाचा फोटो चिकटवण्याऐवजी पेटीत किती डझन, एका फळाचे वजन किती, फळ पिकायला किती दिवस लागतील, ही उत्तरे साध्या वाक्यांत लिहावीत. ऑगस्ट 2024 पासून गूगल भारतात काही प्रश्नांना एआयने तयार केलेले उत्तर सर्वांत वर दाखवते आणि ते उत्तर जुळवायला त्याला पानावर वाचता येईल असा मजकूर लागतो. हापूसला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजे ठरावीक भागातल्याच मालाला ते नाव लावता येण्याचे संरक्षण, मिळाले. अधिकृत वापरकर्ता म्हणून आपली नोंदणी झालेली असेल तर तिचा क्रमांक पानावर ठळक द्यावा, कारण हापूसच्या नावाने परराज्यातला आंबा खपवला जातो तिथे गिऱ्हाईक नेमके हेच शोधत असते.

फोनमधून काढलेले चार-पाच एमबीचे फोटो तसेच चढवू नयेत, वेबपी या कमी जागा घेणाऱ्या प्रकारात लहान करून घ्यावेत. मुख्य मजकूर अडीच सेकंदांत दिसावा, असे गूगलचे माप आहे. मार्च 2024 पासून बटण दाबल्यावर पान किती झटकन प्रतिसाद देते हेही त्यात मोजले जाते, आणि तिथे 200 मिलिसेकंदांपर्यंतचा वेळ चांगला धरतात. ही चाचणी ऑफिसच्या वायफायवर घेण्यात अर्थ नाही. घरातल्या सर्वांत जुन्या फोनवर, मोबाइल डेटा लावून घ्यावी.

गिऱ्हाइकांची यादी वहीत असो की एक्सेलमध्ये, तिची प्रत आपल्याजवळ असावी. 2023 च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचे भान ठेवून, नंबर घेताना तो कशासाठी घेतो हे सांगून संमती घ्यावी आणि ‘नको’ म्हणणाऱ्याचे नाव खरोखर काढावे. ईमेल पाठवत असाल तर एसपीएफ आणि डीकेआयएम या, पत्र खरोखर आपल्याच डोमेनवरून आले हे पटवणाऱ्या नोंदी होस्टिंगवाल्याकडून (ज्याच्याकडे संकेतस्थळ ठेवलेले असते त्याच्याकडून) करून घ्याव्यात; त्या नसल्या तर पत्रे स्पॅममध्ये पडतात.

शेवटी एक रुपयाची खोटी पेटी विक्रीला लावून स्वतःच यूपीआयने ती घ्यावी, पिनकोड मुद्दाम चुकवून पाहावा, मग ऑर्डर रद्द करून पैसे परत येतात का ते बघावे, आणि ती पेटी पानावरून आठवणीने काढून टाकावी.