दाखल्यासाठी अर्ज करण्यापूर्वी

महाराष्ट्रात उत्पन्नाचा, रहिवासाचा किंवा नॉन-क्रिमीलेअरचा (मागास प्रवर्गातील उन्नत गटात मोडत नसल्याचा) दाखला काढताना बहुतेक जण आधी अर्ज भरून देणाऱ्या सेवा केंद्रावर जातात आणि मग कागद गोळा करतात. हा क्रम उलटा असावा, कारण महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नुसार सेवेची ठरलेली मुदत सर्व आवश्यक कागदांसह अर्ज मिळाल्यापासून मोजली जाते. अपुऱ्या अर्जावर ती सुरूच होत नाही. म्हणून प्रथम ‘आपले सरकार’ पोर्टलवर किंवा कार्यालयातील फलकावर सेवेची मुदत, शुल्क, लागणारी कागदपत्रे, पदनिर्देशित अधिकारी (सेवा देण्यासाठी नेमलेला) आणि अपिलीय अधिकारी कोण, हे पाहून लिहून घ्यावे. हा फलक लावणे कार्यालयावर बंधनकारक आहे.

त्यानंतर सगळी कागदपत्रे टेबलावर शेजारी-शेजारी ठेवून नावे अक्षरशः ताडून पाहावीत. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर वडिलांचे नाव ‘पांडुरंग’ आणि आधार कार्डावर नुसते ‘पांडू’ असेल, तर घरच्यांना त्यात काहीच वावगे वाटत नाही, परंतु तपासणाऱ्याला ती दोन माणसे वाटू शकतात. विवाहानंतर नाव बदललेल्या स्त्रियांचे अर्ज इथेच सर्वाधिक अडतात, असे मला वाटते. त्यांनी विवाह नोंदणी प्रमाणपत्र, आणि नाव राजपत्रात बदलले असल्यास त्याची प्रत, मागितली जाण्याची वाट न पाहता जोडावी. नॉन-क्रिमीलेअरसाठी तीन वर्षांच्या उत्पन्नाचा पुरावा लागत असल्याने त्याची जुळवाजुळव प्रवेशाच्या हंगामाआधी करणे शहाणपणाचे. स्कॅन करताना शिक्का आणि चारही कडा स्पष्ट दिसल्या पाहिजेत.

स्वयंघोषणापत्र, म्हणजे दिलेली माहिती खरी असल्याचे स्वतःच्या सहीचे निवेदन, ही निव्वळ औपचारिकता समजू नये. त्यावरील मजकूर दुसऱ्याने भरला असला तरी सही आपली असते आणि जबाबदारीही आपलीच. जाणूनबुजून खोटी माहिती देणे हा भारतीय न्याय संहितेखाली गुन्हा आहे, त्यामुळे उत्पन्नाचा आकडा स्वतः वाचल्याशिवाय सही करू नये. मोबाईल क्रमांकही केंद्रचालकाचा नव्हे, स्वतःचाच द्यावा. अन्यथा त्रुटी निघाल्याचा संदेश आपल्यापर्यंत पोहोचतच नाही.

अर्ज दाखल झाल्यावर अर्ज क्रमांक असलेली पोच घेतल्याशिवाय उठू नये. ‘उद्या या, नंबर देतो’ हे उत्तर स्वीकारू नये, कारण पुढचा प्रत्येक हक्क त्या क्रमांकावर उभा असतो. अर्ज नाकारला गेल्यास कारणे लेखी मिळायला हवीत. नकार मिळाल्यापासून किंवा मुदत उलटल्यापासून ३० दिवसांत प्रथम अपील करता येते, पुढे द्वितीय अपील आणि त्यानंतर राज्य सेवा हक्क आयोग. पुरेशा कारणाविना सेवा न देणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपयांपर्यंत शास्तीची तरतूद आहे. अपिलाची वेळ आलीच, तर पोच, शुल्काची पावती आणि नकाराचे पत्र यांच्या प्रती एकाच फाइलमध्ये तारखेनुसार लावून न्याव्यात.