मुंबईहून माल्टाला जायचंय? मग आधी हे करा

सगळ्यात आधी शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणारा एकच व्हिसा), प्रवासाच्या ६ महिने आधीपासून अर्ज करता येतो, त्यामुळे मे महिन्याची सुट्टी धरताय तर दिवाळीनंतर लगेच कागदपत्रं जमवायला घ्या. दुसरं हायपोजियमचं तिकीट, खडक खोदून केलेलं पाच हजार वर्षांपूर्वीचं भुयारी दफनस्थान आहे, एका वेळी १० च जणांना सोडतात म्हणून विमानाबरोबरच बुक करून टाका. राजधानी व्हॅलेटाच्या सेंट जॉन्स को-कॅथेड्रल या चर्चमध्ये इटालियन चित्रकार काराव्हाज्जोचं सेंट जॉनच्या शिरच्छेदाचं १६०८ चं चित्र आहे, चित्रात सांडलेल्या रक्तातच त्याने सही केलीय, ती नीट शोधून बघाच. बीचसाठी फेरीने शेजारच्या गोझो बेटावर जा, रामला बेची लालसर वाळू एकदम भारी! शाकाहारी असाल तर वाटाण्याचं सारण भरलेली पास्तिझी (पापुद्र्यांची पेस्ट्री), गरमच खा.