पप्पा गेल्यावर पोरीनं डांगर लावलं : आमच्या चुका तुम्ही टाळा

आमच्या नाशकाकडं लाल भोपळ्याला डांगर म्हणतात. मागच्या पावसाळ्यात मखमलाबादला ताईच्या घरामागं माझ्या नऊ वर्षांच्या भाचीनं एक डांगर वाढवलं. काट्यावर भरलं 38 किलो. त्याच वर्षी फेब्रुवारीत दाजी गेले होते. सातपूरहून सेकंड शिफ्ट करून आले, जेवले, झोपले, ते उठलेच नाहीत. खाली लिहिल्यात त्यातल्या निम्म्या चुका वेलीच्या आणि निम्म्या आम्हा मोठ्या माणसांच्या. वेगवेगळ्या काढून लिहाव्यात म्हणून बसलो होतो, जमलं नाही.

कपाट आवरायची घाई

रामकुंडावर दहावा झाला, तेरावं उरकलं आणि चौदाव्या दिवशी आम्ही शहाण्या नातेवाइकांनी दाजींचं कपाट रिकामं केलं. ताईच्या डोळ्यांसमोर नको म्हणून. पोरीला काय ठेवायचं ते कुणी विचारलंच नाही. तिच्या वाट्याला आलं एक पाकीट, तेही फ्रिजच्या दारात औषधांमागं होतं म्हणून वाचलं. मे महिन्यात तिलाच सापडलं. आत सहा बिया. दाजींनी ऑनलाइन मागवलेल्या, 'अटलांटिक जायंट' जातीच्या. तुम्ही कपाट आवराच, पण आधी लेकराला म्हणा, तुला हवं ते काढून घे. मागून विचारून उपयोग नसतो.

ही जात कॅनडातल्या नोव्हा स्कॉशियात हॉवर्ड डिल नावाच्या शेतकऱ्यानं वर्षानुवर्षं निवड करून तयार केली. त्याच वंशाचं एक फळ 2023 साली कॅलिफोर्नियात हाफ मून बे इथल्या स्पर्धेत 1247 किलो भरलं. बाप-लेकीनं त्याचा व्हिडिओ पाहिला होता. आणि मी काय करावं? पोरीला हुरूप यावा म्हणून तोच आकडा दारामागं खडूनं लिहून ठेवला. ते फळ पिकलं अमेरिकेच्या उत्तरेला, मिनेसोटात. तिकडं उन्हाळ्यात पंधरा तासांचा दिवस आणि गार रात्री. आपल्याकडं आषाढात आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही. तो आकडा पुसून टाका. शेजारच्या डांगरापेक्षा मोठं आलं तरी जिंकलो, एवढंच धरा. उलट बाजारातून आणलेल्या डांगराची बी लावून राक्षसी फळाची वाट बघत बसू नका. आपलं गावठी डांगर वेगळ्या प्रजातीचं. चवीला झकास, पण आकाराचा हा गुण त्यात नाही.

बी आणि जागा

बी रात्रभर भिजवलं तरी पुरे. आम्ही तीन दिवस भिजवलं, दोन बिया कुजल्या. एक रोप गोगलगायीनं खाल्लं. उरली तीन. काळी माती पावसात पाणी धरून ठेवते, म्हणून शेणखत घालून फूटभर उंच गादी केली होती, हे एक बरं केलं. पण तिन्ही रोपं एकाच गादीवर. मोठं फळ हवं तर एका वेलीला दहा बाय दहाची जागा तरी लागते. दोन उपटून टाक म्हटल्यावर पोरगी हमसून रडायला लागली, "मी एकपण मारणार नाही." तेव्हा बागकामाचा धडा बाजूला ठेवला. मातीच्या गोळ्यासकट दोन रोपं कुंपणाकडं हलवली. भोपळ्याच्या मुळांना हलवाहलव मानवत नाही. एक तिकडं गेलंच.

रोज पाणी, ज्याचं त्याचं खत

शाळेतून आली की दप्तर टाकून बादली. पाऊस पडून गेला असला तरी बादली. पानं पिवळी पडायला लागली तेव्हा ध्यानात आलं, मुळं गुदमरतायत. बोट दोन पेरं मातीत घाला. ओल लागली तर पाणी नको. मुलाच्या हातातली बादली मात्र नुसती काढून घेऊ नका, मुलाला दुसरं काम द्या. वेल जिथं जिथं जमिनीला टेकते, तिथल्या पेरावर ओंजळभर माती चढवायची. त्या पेराला नवी मुळं फुटतात आणि फळाला जास्तीचं अन्न मिळतं. हे काम रोज पुरतं, आणि वेलीच्या हिताचंही आहे.

खताचं म्हणाल तर गल्लीतल्या प्रत्येकाला पोरीसाठी काहीतरी करायचं होतं. एकानं युरिया टाकला, दुसऱ्यानं न सांगता आणखी टाकला. वेल मांडवावर जाईल इतकी माजली आणि फुलं निघाली ती सगळी नर. युरिया म्हणजे नुसतं नत्र, आणि नुसतं नत्र मारलं की पाला होतो, फळ नाही.

बोट दाखवलं म्हणून

इथं जरा थांबतो, कारण सगळ्यात मोठी चूक इथं झाली.

अखेर मादी फूल आलं. पाकळ्यांखाली लिंबाएवढी हिरवी गाठ असते, त्यावरून ओळखायचं. पोरगी नाचत सगळ्या गल्लीला दाखवून आली. पाचव्या दिवशी गाठ पिवळी पडून गळाली. शेजारच्या काकू सहज म्हणाल्या, "बोट दाखवलंस ना गं? कोवळ्या फळाला बोट दाखवू नये, सडतं." आपण सगळे हे ऐकत मोठे झालोय. मीही लहानपणी काकडीला बोट वाकवूनच दाखवायचो. मी हसलो आणि विषय सोडून दिला.

पोरगी रात्री जेवली नाही. दिवा घालवल्यावर ताईला म्हणाली, "त्या दिवशी मी पप्पांशी कट्टी केली होती. करंगळी दाखवून."

फेब्रुवारीपासून हे पोटात होतं. आम्ही तिला काय सांगितलं होतं? पप्पा देवाघरी गेले. देवाला चांगली माणसं आवडतात. मग चांगला माणूस कशानं गेला, याचं कारण तिनं स्वतःच शोधून काढलं, आणि ते स्वतःतच सापडलं. त्या वयाची लेकरं हे करतात. मरण परत फिरत नाही, हे त्यांना कळतं; पण आपल्या रागानं, आपल्या एका शब्दानं ते आलं असेल, ही शंका ती कुणाजवळ बोलत नाहीत. तेव्हा गोड बोलून झाकू नका. पप्पांच्या हृदयाची रक्तवाहिनी बंद झाली, रक्त पोचलं नाही, म्हणून हृदय थांबलं. कट्टीनं रक्तवाहिनी बंद होत नाही. ताईनं हे अंधारातच सांगितलं. एकदा सांगून भागत नाही, पुढं पंधरा दिवस ती तेच विचारायची. तेवढ्या वेळा तेच उत्तर द्यावं लागतं, न कंटाळता.

सकाळी मी गळालेली गाठ उचलून विळीवर उभी चिरली. आत सड नव्हती, अळी नव्हती. बी धरायलाच सुरुवात झाली नव्हती. कारण साधं होतं. भोपळ्याचं फूल एकच सकाळ उघडं असतं. आठवडाभर झड लागलेली, मधमाशी फिरकली नाही, परागकण पोचले नाहीत. त्यावर उपाय आपल्या हातात आहे. सकाळी सहा ते आठच्या दरम्यान ताजं नर फूल तोडा, पाकळ्या काढा आणि मधली पिवळी दांडी मादी फुलाच्या आत हलके फिरवा. शक्य तर दोन-तीन नर फुलं वापरा. पाऊस असेल तर वरून प्लॅस्टिकची पिशवी सैल बांधा. मुख्य वेलीवर बुडापासून साधारण दहा फुटांवरचं फळ राखा, बाकीची खुडा. यावेळी खुडायला पोरीनं खळखळ केली नाही.

दुसरं फळ धरलं त्या दिवशी ती त्याच्यासमोर उकिडवी बसली आणि दहाही बोटं त्याच्यावर रोखली. रोज सकाळी, शाळेची व्हॅन येईपर्यंत. आजीचा जीव वरखाली व्हायचा. ताईनं आजीला गप्प केलं.

माशी, भुरी आणि चुकीची औषधं

फळमाशीसाठी मी सापळा आणला तो आंब्याचा. मिथाइल युजेनॉलची गोळी आंब्या-पेरूवरच्या माशीला ओढते. वेलवर्गीय फळभाज्यांवरच्या माशीला क्यूल्युर नावाची वेगळी गोळी लागते. दुकानात 'फळमाशीचा सापळा द्या' एवढंच म्हणू नका, पीक सांगा. सापळ्याच्या भरवशावर न राहता फळ मुठीएवढं असतानाच जुन्या सुती कापडाची पिशवी सैल चढवा.

भाद्रपदात पानांवर भुरी आली, म्हणजे पिठासारखी पांढरी बुरशी. आमच्या भागात भुरी म्हटलं की द्राक्षवाल्याचा हात गंधकाकडं जातो. शेजाऱ्यानं मायेनं त्याच पंपातून फवारणी करून दिली. दुपारी ऊन पडलं आणि पानांच्या कडा भाजल्या. भोपळावर्गाला गंधक सोसत नाही, उन्हात तर नाहीच. त्यापेक्षा एक भाग दूध, नऊ भाग पाणी, आठवड्यातून एकदा. ब्राझीलचे संशोधक वाग्नर बेत्तिओल यांनी 1999 साली झुकिनीवर, म्हणजे भोपळ्याच्याच कुळातल्या एका भाजीवर, दुधाची फवारणी करून भुरी आटोक्यात येते हे दाखवलं होतं. भुरी दिसायला लागल्याबरोबर सुरू करा, पान पांढरं झाल्यावर नव्हे.

आणि फळाखाली कोरडी वाळू किंवा फळी हवीच. ओल्या मातीत बूड सडतं. उन्हाचा ताण पडून एकदम जोराचा पाऊस झाला की फळ तडकतं, म्हणून कोरड्या दिवसांत थोडं थोडं पाणी चालू ठेवा. उचलून वजनाचा अंदाज घ्यायचा मोह आवरा, देठ तुटतो. शिवणाचा टेप पुरे. भाचीच्या वहीत एका रात्रीत चार सेंटिमीटर वाढल्याची नोंद आहे. शेवटचा घेर 1 मीटर 40.

आणखी दोन गोष्टी

एका ओळखीच्यानं 'बापाच्या आठवणीत लेकीचं डांगर' म्हणून रील करायचं ठरवलं होतं. पोरगी त्या दिवशी मागच्या अंगणात आलीच नाही. तिनं कधीही हे पप्पांसाठी आहे असं म्हटलेलं नव्हतं. आपण म्हणू नये. लेकरू मध्येच खदखदून हसलं, खेळायला पळालं, तर ते विसरलं असंही समजू नये. मोठ्यांसारखं ते सलग रडत नाही.

पण वेल म्हणजे औषध नव्हे. मूल आठवडेच्या आठवडे जेवत-झोपत नसेल, शाळेला जायला तयार नसेल, 'मलापण तिकडंच जायचंय' असं म्हणत असेल, तर डॉक्टर किंवा समुपदेशक गाठा. 14416 ही टेलि-मानसची सरकारी हेल्पलाइन आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात.

चिरायचं कधी आणि कुणी

वजन करून आणलं त्याच दिवशी मी गल्लीत फोडी वाटायचं ठरवून मोकळा झालो. परत तीच कपाटाची चूक. पोरीनं डांगरावर चादर टाकली आणि कॉटखाली ढकललं. आम्ही हात लावला नाही. दिवाळीनंतर देठापाशी पाणी सुटायला लागलं, तेव्हा तीच म्हणाली, आता चिरू.

अख्खं डांगर बाईनं आधी चिरू नये, गड्यानं सुरी लावावी, अशी आमच्याकडं रीत. घरात आता गडी नाही. आजीनं सुरी माझ्यापुढं केली. मी ती ताईला दिली. ताईनं पोरीचा हात सुरीवर ठेवला, वर आपला ठेवला. साल जाड, दोघींना जोर लावावा लागला. आजी आत निघून गेली. घारग्यांचा गूळ किसायचा होता म्हणाली.

अशा मोठ्या डांगराला चव बेताची असते, गूळ हात सैल सोडून घाला. बिया धुऊन, सावलीत आठ दिवस वाळवून, राख चोळून ठेवा. मात्र जवळपास त्याच प्रजातीचा दुसरा भोपळा असेल तर मधमाश्यांनी संकर केलेला असतो, बी आईवर जाईलच असं नाही. हे मुलाला लावायच्या आधी सांगा.

यंदा कुंपणापर्यंत चार वेली आहेत. परवा काकू आल्या, बोट वाकवून म्हणाल्या, "ते बघ, तिकडं एक धरलंय."

"काकू, सरळ दाखवा," भाची म्हणाली. "काही होत नाही."