उन्हाळ्यात हौद कसा धुवावा आणि आठ दिवसांचं पाणी पिण्यालायक कसं ठेवावं

एप्रिल लागला की महापालिकेच्या, नगरपालिकेच्या सूचना सुरू होतात. घंटागाडीच्या भोंग्यावर, वॉर्डाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, पेपराच्या आतल्या पानावर. पाणी जपून वापरा, नळाला मोटार लावू नका, आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा, भर दुपारी बाहेर पडू नका, साठवलेलं पाणी स्वच्छ ठेवा. सगळ्या सूचना बरोबर आहेत. शेवटची मात्र पाळायची कशी, हे कुणीच नीट सांगत नाही. मराठवाड्यात तर तीच सगळ्यात महत्त्वाची आहे, कारण आपल्याकडे नळ रोज येत नाही. जुलाब, कावीळ आणि डेंग्यू हे तिन्ही साठवलेल्या पाण्याच्या वाटेने घरात शिरतात. म्हणून हा लेख मुख्यतः हौदाचा आहे. बाकीच्या सूचना शेवटी थोडक्यात.

पाण्याचा दिवस ओळखा

सूचनेत पाहायच्या गोष्टी दोनच: शटडाऊन (दुरुस्तीसाठी पाणीपुरवठा बंद) आहे का, आणि असेल तर गॅप, म्हणजे दोन पाण्यांमधलं अंतर, किती दिवसांनी वाढणार. धरण भरलं म्हणून निर्धास्त राहू नका. संभाजीनगरला जायकवाडीचं पाणी पैठणहून येतं. जलवाहिनी फुटली किंवा पंपहाऊसची वीज गेली, की नाथसागर काठोकाठ भरलेला असला तरी नळ कोरडाच राहतो. मोठ्या दुरुस्तीनंतरचं पहिलं पाणी गढूळ येणार, हेही धरून चाला.

वेळापत्रकापेक्षा भरवशाची खूण म्हणजे तुमच्या आधीच्या भागाला पाणी आलं की नाही. लाइनमन ठरल्या क्रमाने व्हॉल्व्ह फिरवतो. आपल्या आधी कोणती गल्ली येते ते एकदा विचारून ठेवा आणि तिथल्या कुणाचा तरी फोन नंबर घेऊन ठेवा. पुढच्या कामात याचा फार उपयोग आहे.

नळ सुटल्यावर

पहिली दहा-पंधरा मिनिटं पाणी बादल्यांत घ्या आणि फरशी, संडास, झाडांसाठी वापरा. ते हौदात सोडू नका.

मोटारीबद्दल स्पष्ट लिहितो. थेट नळाला मोटार लावली की शेजाऱ्याचं पाणी तुटतं, हे सगळ्यांना माहीत असतं. पण मोटार लाइनमध्ये ओढ तयार करते, आणि जुन्या लाइनचा सांधा ज्या ठिकाणी ड्रेनेजजवळ गळत असतो, तिथून घाण आत खेचली जाते. म्हणजे मोटार लावणारा स्वतःच्याच हौदात गटार भरतो. पाणी आधी उताराने हौदात पडू द्या, मग हौदातून मोटारीने वर चढवा. दाब कमी म्हणून ज्यांनी नळ खड्ड्यात घेतला आहे, त्यांनी पाण्याच्या दिवशी सकाळी तो खड्डा उपसून कोरडा करावा. खड्ड्यात साचलेलं सांडपाणी नळाच्या तोंडाला टेकलेलं असतं, आणि लाइन रिकामी असताना तेच उलटं आत जातं.

हौद रिकामा करणं

मला सगळ्यात जड गेलेली पायरी हीच. घासणं सोपं आहे, रिकामा करणं अवघड. ज्यांनी 2016 चा उन्हाळा लातुरात काढला, मिरजेहून रेल्वेने पाणी येताना पाहिलं, त्यांना हौद ओता म्हणून सांगणाऱ्याचा रागच येईल, आणि तो राग रास्त आहे. «दर आठवड्याला टाकी पूर्ण रिकामी करून कोरडी करा» हा सल्ला रोज पाणी येणाऱ्या गावाचा आहे. आपल्याकडे तो असा पाळायचा:

आधीच्या गल्लीला पाणी आल्याचा फोन येईपर्यंत हौदाला हात लावू नका. फोन आला की उरलेलं पाणी मोटारीने वरच्या टाकीत चढवा. फूटव्हॉल्व्ह, म्हणजे मोटारीच्या पाइपाचं हौदातलं खालचं तोंड, तळापासून थोडा वर असतो, त्यामुळे वीतभर पाणी खाली राहतंच. त्यातच वर्षभराचा गाळ असतो. ते बादलीने काढा आणि झाडांना किंवा अंगणात घाला. वाया काही जात नाही. घरात दोन-तीन घागरी पिण्याचं पाणी वेगळं भरलेलं असू द्या, म्हणजे नळ एक दिवस पुढे गेला तरी अडणार नाही.

आता सुरक्षिततेचं. इथे मी कुणाचंही ऐकत नाही. मोटारीचं बटण बंद करून भागत नाही, बोर्डावरचा मेन स्विच पाडा. झाकण काढून हौद निदान दोन-तीन तास उघडा राहू द्या, कारण बंद हौदातली हवा माणसाला बेशुद्ध करू शकते. दिवा खाली सोडून पाहणं ही जुनी पद्धत अनेकजण सांगतात. तिच्यावर विसंबू नका, सगळे विषारी वायू दिव्याने कळत नाहीत. चार-पाच फुटांच्या हौदात उतरायची गरजच नसते. लांब दांड्याचा ब्रश आणि बांबूला बांधलेला काथ्या घेऊन वरूनच घासा. खोल हौदात उतरावंच लागलं तर वर दुसरा माणूस आणि कमरेला दोर हवाच. खाली माणूस पडला तर त्याच्या मागे कुणीही उडी मारायची नाही. दोराने ओढा आणि अग्निशमन दलाचा 101 लावा. हौदात होणाऱ्या मृत्यूंमध्ये वाचवायला उतरलेलाही अनेकदा जातो.

घासताना तळापेक्षा भिंतीकडे जास्त लक्ष द्या. पाण्याची पातळी जिथे टेकून असते तिथे काळपट पट्टा दिसतो. डेंग्यूचा एडिस डास नेमका त्या पट्ट्याच्या आसपास, ओल्या भिंतीला अंडी चिकटवतो. ही अंडी कोरड्यात महिनोन्‌महिने टिकतात आणि पाणी वर आलं की फुटतात. उन्हाळ्यात अंड्यापासून उडणारा डास तयार व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणजे जवळजवळ आपल्या नळाच्या गॅपइतकेच. नुसतं पाणी बदलून उपयोग नाही तो यामुळे. पट्टा काथ्याने खरवडून काढा. खाली पडलेला गाळ प्लास्टिकच्या सुपलीने आणि जाड फडक्याने उचला, नालीत न टाकता उन्हात कोरड्या मातीवर पसरा.

साध्या पाण्याने घासणं संपवून माणूस बाहेर आला, की मगच टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर. बादलीभर पाण्यात दोन-तीन चमचे पावडर कालवा, वरूनच भिंतींवर मारा, अर्धा तास थांबा, थोड्या पाण्याने धुऊन ते पाणी काढून टाका. माणूस आत असताना टीसीएल वापरायचं नाही. आणि संडास साफ करायचं ॲसिड टीसीएलजवळसुद्धा आणायचं नाही. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो आणि तो फुप्फुसं जाळतो.

हे सगळं काम सकाळी आठच्या आत उरका.

पाण्यात टीसीएल टाकणं

इथे सगळ्यात जास्त चुकीचे सल्ले मिळतात. पहिला म्हणजे तुरटी फिरवली की पाणी शुद्ध होतं. तुरटीने गाळ खाली बसतो, जंतू मरत नाहीत. गढूळ पाण्याला तुरटी हवीच, पण ती ड्रममध्ये फिरवा, पाणी निवळू द्या, वरचं पाणी हौदात घ्या. त्यानंतर टीसीएल. गढूळ पाण्यात टाकलेलं टीसीएल गाळातच खर्ची पडतं.

दुसरा, «अंदाजाने मूठभर टाका.» अंदाज नको. हौदाची लांबी, रुंदी आणि पाण्याची उंची फुटांत मोजा, तिन्हींचा गुणाकार करा, त्याला 28 ने गुणा. तेवढे लिटर पाणी. 6 फूट लांब, 5 फूट रुंद हौदात 5 फूट पाणी असेल तर साधारण 4200 लिटर होतं. 1000 लिटरला 5 ग्रॅम चांगली पावडर, म्हणजे या हौदाला 21 ग्रॅम. चमच्याचं माप फसवं असतं. किराणा दुकानात एकदा 20 ग्रॅम तोलून घ्या, ती पावडर औषधाच्या रिकाम्या बाटलीत ओता आणि जिथवर येईल तिथे पेनाने खूण करा. ते तुमचं कायमचं माप.

पावडर ताजी हवी. ताज्या टीसीएलमध्ये 33 टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतं, आणि उघडी पुडी उन्हाळ्यात भराभर उडून जाते. गोळे झालेली, वास न येणारी पावडर म्हणजे चुना समजा. घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात, अंधारात, मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा.

पावडर कोरडी हौदात टाकू नका. प्लास्टिकच्या बादलीत थोड्या पाण्यात कालवून पेस्ट करा, मग बादली पाऊण भरा, ढवळा आणि दहा मिनिटं राहू द्या. चुना खाली बसतो. वरचं निवळ पाणी तेवढं हौदात सोडा, चोथा टाकून द्या. हे रात्री करा. निदान अर्धा तास हात लावू नका. मी सकाळपर्यंत थांबतो.

टाकलं आणि झालं, असं नाही. ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलं आहे का याची तपासणी, करा. छोट्या नळीत पाणी घेऊन ओटीचे थेंब टाकले की फिकट पिवळा रंग आला पाहिजे. रंगच आला नाही तर क्लोरीन उरलेलं नाही. गडद नारिंगी आला तर जास्त झालं, झाकण उघडं ठेवून वाट पाहा. तपासलेलं पाणी फेकून द्यायचं, प्यायचं नाही. उष्म्याने क्लोरीन उडतं, म्हणून तीन-चार दिवसांनी पुन्हा तपासा आणि रंग गेला असेल तर अर्धी मात्रा द्या. वरच्या काळ्या टाकीत पाणी दिवसभर तापतं, तिथे क्लोरीन आणखी लवकर संपतं. प्यायचं पाणी हौदातून घ्या, वरच्या टाकीतून नको.

हौदाच्या हवेच्या पाइपाला बारीक जाळी बांधा. ड्रमना झाकणाखाली सुती कापड आणि दोरी. जो हौद धुताच येत नाही त्यात आरोग्य विभागाचे गप्पी मासे सोडा, पण मग त्यात टीसीएल नको, मासे मरतात. ते पाणी फक्त वापरायला.

टँकर

टँकरचं पाणी नळाच्या पाण्यात मिसळू नका. वेगळ्या ड्रममध्ये घ्या आणि वापरायलाच ठेवा. प्यावंच लागलं तर कुठून भरला ते विचारा, ओटी टेस्ट करा, मग टीसीएल. जारचं पाणी गार असतं म्हणून शुद्ध असतं असं नाही. तेही तपासा.

उरलेल्या सूचना

कूलरचं पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण काढा आणि टाकी घासा, डास तिथेही होतात. पाणीपट्टीत सूट असेल तर मुदत सूचनेत पाहून घ्या. पावसाआधी घरासमोरच्या नालीतला गाळ काढला जातो तेव्हा तो दोन दिवसांत उचलून नेला की नाही यावर लक्ष ठेवा, नाहीतर पहिल्या पावसात परत नालीत जातो.

उन्हात काम केलेल्या माणसाचं अंग तापलं आणि तो असंबद्ध बोलायला लागला, तर सावलीत आणा, अंगावर पाणी मारा, वारा घाला आणि लगेच 108 लावा. शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

आणि एवढं करूनही नळाच्या पाण्याला गटाराचा वास आला, तर टीसीएल वाढवून ते पिऊ नका. हौदाचा कॉक बंद करा, स्वच्छ बाटलीत नमुना भरा, वेळ लिहून ठेवा आणि त्याच दिवशी वॉर्ड कार्यालयात लेखी तक्रार देऊन पोच घ्या. शेजारच्या चार घरांत विचारा. सगळीकडे वास असेल तर गळती लाइनमध्ये आहे, तुमच्याच घरी असेल तर रस्त्यापासून हौदापर्यंतचं तुमचं कनेक्शन खोदून पाहावं लागेल.